दहावीनंतर नेमकं कुठे अडतं? (अनुभव धागा)

पानगळ
माळा आवरताना घरातली एक जुनी, लॅमिनेट केलेली गुणपत्रिका हाती लागली. प्लॅस्टिक पिवळं पडलंय, शिक्का वाचता येत नाही. (पहिली सूचना तिथूनच घ्या: मूळ कागद लॅमिनेट करू नका, साध्या फोल्डरमध्ये ठेवा. पडताळणीत पाठीमागचे शिक्के-शेरेही बघतात.)

निकालाच्या दिवसांत सगळीकडे 'सायन्स की कॉमर्स' एवढीच चर्चा चालते. मुलं अडतात ती वेगळ्याच ठिकाणी. सोडायला नको तो विषय सोडलेला असतो, नाहीतर एखादा कागद वेळेत निघालेला नसतो. म्हणून हा धागा. 'मी कसा घडलो' नको, कृपया. काय, कधी, किती आणि कुठे फसतं तेवढं लिहा.

माझ्याकडून: उलटं मोजा. आधी बारावीनंतरच्या प्रवेशाची पात्रता बघा, मग अकरावीचे विषय ठरवा. इंजिनिअरिंगला फिजिक्स आणि गणित सुटत नाही. नीटला (मेडिकलची प्रवेश परीक्षा) बायो हवंच. एनडीएत आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण हवाई दल आणि नौदलाला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित लागतं. आणि द्विलक्षी (बायफोकल, म्हणजे व्यावसायिक) कॉम्प्युटर सायन्स हा २०० गुणांचा विषय आहे. तो घेतला की दुसरी भाषा जाते आणि गणितवाल्याचं बायोही जातं. 'मार्क चांगले पडतात' म्हणून घेणाऱ्यांनी हे आधी वाचा.

चकलीचा_सोऱ्या
पहिला! वाचून सविस्तर लिहितो. सध्या लोकलमध्ये लटकलोय.

रेवाकाठ
मेडिकलवाल्यांसाठी सगळ्यात महागात पडणारी चूक: अकरावी-बारावी राज्याबाहेर. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून एमबीबीएस हवं असेल तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण लागतात, वर डोमिसाइल (अधिवासाचा दाखला). कोटा-हैदराबादला क्लास लावला आणि बारावीचा फॉर्मही तिकडूनच भरला, तर नुसत्या डोमिसाइलवर भागत नाही. केंद्र सरकारी नोकरीतल्या बदल्या वगैरेंना सवलती आहेत, त्या माहितीपुस्तिकेत नीट वाचा. इंजिनिअरिंगला नियम सैल आहे, तिथे आईवडिलांच्या डोमिसाइलवरही एक प्रकार बसतो. म्हणून शेजारच्या इंजिनिअरिंगवाल्या दादाचा सल्ला नीटला लावू नका.

शिवाय नीटला वयाची १७ वर्षं प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण हवीत. लवकर शाळेत घातलेली मुलं इथे अडकतात.

दहीभात
@रेवाकाठ हे पहिल्यांदाच ऐकतेय. जाऊबाईंना पाठवते लगेच, त्यांचं बाहेरच्या क्लासचा ॲडव्हान्स भरायचं चाललंय.

रेवाकाठ
पाठवा पाठवा. क्लास बाहेर लावला तरी हरकत नाही, बारावीचा प्रवेश आणि परीक्षा कुठून, ते बघायचं.

खिडकी_क्र_४
प्रवेश सुविधा केंद्रावरून लिहितोय, त्यामुळे तुकड्यातुकड्यांत.

१) नॉन-क्रीमीलेअर (उत्पन्नमर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) प्रवेशाच्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालू हवं. म्हणजे जुलै २०२६ चा प्रवेश असेल तर ३१ मार्च २०२७ पर्यंत. लोक संपलेलं घेऊन येतात आणि 'तीन वर्षांचं आहे ना' म्हणतात. तीन वर्षं कधी संपतात ते खाली छापलेलं असतं हो.

२) राज्याचा आणि केंद्राचा नमुना वेगळा. सीईटीच्या कॅपला (राज्याच्या प्रवेश परीक्षेनंतरच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांना) राज्याचा. जेईई (एनआयटी-आयआयटीची प्रवेश परीक्षा) आणि नीटच्या ऑल इंडिया जागांना केंद्राचा ओबीसी-एनसीएल, तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिक दुर्बल घटक) तसंच. आणि राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. एसईबीसी (मराठा आरक्षणाचा राज्याचा प्रवर्ग) तर नाहीच.

३) जात वैधता, म्हणजे जातीच्या दाखल्याची पडताळणी. हे बारावीच्या निकालानंतर सुरू करणारे दरवर्षी रडतात. अकरावी सायन्सला प्रवेश झाला की कॉलेजची सही-शिक्का घेऊन जात पडताळणी समितीकडे अर्ज टाका

गर्दी आली. उरलेलं रात्री.

आंबोळी
चार नंबरची खिडकी बंद झाली, जेवणाची सुट्टी 😄

पाटीपेन्सिल
माध्यमिक शाळेत आहे, नावांच्या घोळाबद्दल लिहिते. दहावीचं आवेदनपत्र भरल्यावर बोर्डाकडून प्री-लिस्ट (भरलेल्या तपशिलांची तपासायची यादी) येते. मुलाची सही त्यावर घेतात. ती सही वर्गात गडबडीत होते आणि 'वैष्णवी'ची 'वैश्नवी' होऊन बसते. तिथेच थांबवा. आधार, जन्मदाखला आणि शाळेचं जनरल रजिस्टर, तिन्हीकडे नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरन् अक्षर एक हवं. दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांच्या प्रस्तावाने होते. दाखला हातात पडला की तेच काम दसपट अवघड.

अजून एक. इंटरमिजिएट चित्रकलेचे वाढीव गुण दहावीला मिळतात: ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३. प्रस्ताव शाळेने मुदतीत बोर्डाकडे पाठवायचा असतो. प्रमाणपत्र घरी फ्रेममध्ये आणि प्रस्ताव कोणी दिलाच नाही, असं फार होतं.

चकलीचा_सोऱ्या
उतरलो. कॉमर्सबद्दल कोणी लिहीतच नाही, नेहमीप्रमाणे आम्ही सावत्र.

अकरावीला 'मॅथ्स की एसपी' हा प्रश्न येतो. सीए करायचं मनात असेल तर मॅथ्स घ्या. सीएला बारावीचं गणित सक्तीचं नाही, हे खरं. पण फाउंडेशनचा (सीएची पहिली परीक्षा) तिसरा पेपर १०० गुणांचा, त्यात गणित ४०, लॉजिकल रीझनिंग २०, सांख्यिकी ४०. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि चारही मिळून ५० टक्के. म्हणजे बाकीच्या तिन्ही पेपरांत भारी मार्क आणि तिसऱ्यात ३८ असेल तरी नापास. तिसरा-चौथा वस्तुनिष्ठ, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. एसपीवाली मुलं याच पेपरात अडकून राहतात.

नोंदणी दहावीनंतरच करता येते, पेपर बारावीनंतर. परीक्षा आता वर्षातून तीनदा असते. नोंदणी आणि परीक्षा यांत किमान चार महिन्यांचं अंतर लागतं, ते मोजून भरा.

दुसरं, बीबीए, बीसीए, बीएमएसला २०२४ पासून महाराष्ट्रात सीईटी आहे. बारावीचे ८५ टक्के घेऊन जूनमध्ये कॉलेजात गेलं की कळतं, अर्जाची मुदत केव्हाच संपली. बारावीच्या सहामाहीनंतर सीईटी सेलची साइट दर आठवड्याला बघायची सवय लावा.

दहीभात
एसपी म्हणजे?

चकलीचा_सोऱ्या
सेक्रेटेरियल प्रॅक्टिस. पोलीस अधीक्षक नव्हे.

आंबोळी
पोलिसांवरून आठवलं. भरतीची तयारी करणाऱ्यांनी अकरावीतच उंची मोजून घ्या, अनवाणी, भिंतीला टेकून. शिपाई पदाला मुलांना १६५, मुलींना १५५ सेंमी. मैदानी ५० गुण, लेखी १००. दोन वर्षं धावून शेवटी १६४ भरतं तेव्हा काय करणार.

फायलीमागचा_निदेशक
आयटीआय म्हणजे 'कुठेच नाही मिळालं तर', हे आधी डोक्यातून काढा. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे. वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) एक वर्षाचे. फरक कुठे पडतो बघा:

दहावी + दोन वर्षांचा ट्रेड झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. एक वर्षाच्या ट्रेडवाल्याने हा रस्ता गृहीत धरू नये.

महावितरणच्या विद्युत सहायकला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन लागतो. मुलं फिटरला बसतात आणि नंतर जाहिरात वाचतात.

रेल्वेच्या ॲप्रेंटिसला लेखी परीक्षा नाही. दहावीचे आणि आयटीआयचे टक्के मिळून यादी लागते. म्हणजे दहावीला जेमतेम ५० टक्के असलेल्याने आयटीआयत ९० काढले तरी सरासरी खाली येते.

आणि ट्रेड निवडताना जवळच्या एमआयडीसीत एक फेरी मारा. गेटवरच्या भरतीच्या पाट्या वाचा. टर्नर-मशिनिस्ट मागतात की वेल्डर, अर्ध्या तासात कळतं.

पानगळ
@फायलीमागचा_निदेशक फार उपयोगी. डिप्लोमाबद्दल कोणी आहे का?

लेथजवळ
आहे. दहावी > डिप्लोमा तीन वर्षं > इंजिनिअरिंग थेट दुसरं वर्ष. दोन्हीकडे सीईटी नाही. डिप्लोमाला दहावीचे गुण, दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाचे.

पण 'डिप्लोमा केला की हवं ते कॉलेज' हे खोटं. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा म्हणजे मंजूर क्षमतेच्या १० टक्के, अधिक पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटरला ६० ची तुकडी असेल तर ६ जागा, कारण तिथे रिकामं काही राहत नाही. त्या सहांत आरक्षणही आलं. जरा कमी मागणीची शाखा घेतली की दार मोठं होतं.

दुसरा खड्डा गणिताचा. डिप्लोमात गणित पहिल्या वर्षी संपतं आणि इंजिनिअरिंगला थेट एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) समोर येतं. लाप्लास, फूरिए वगैरे. मधल्या उन्हाळ्यात इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन घासून घ्या. तिथेच पहिली केटी लागते, म्हणजे विषय राहतो.

सुपलीतले_मोती
मेथी निवडत वाचतेय. लेथजवळ, उलट बाजूही लिहा ना, बारावी करून सीईटी दिली तर?

लेथजवळ
२०० गुणांची. गणित ५० प्रश्न, प्रत्येकी २. फिजिक्स-केमिस्ट्री ५०-५०, प्रत्येकी १. निगेटिव्ह नाही, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. अकरावीचा भाग २० टक्के, तेवढ्यासाठी अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका. बारावीला खुल्या गटाला ४५ टक्के पुरतात, गुणवत्ता यादी सीईटीवर. पण एनआयटी-आयआयटीला बारावीत ७५ टक्के (एससी-एसटीला ६५) किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. 'बोर्डाला कोण विचारतंय' म्हणणारे इथे तोंडावर आपटतात.

पाटीपेन्सिल
+१. इंटिग्रेटेडवाल्यांनो (कॉलेज आणि क्लास एकत्र), प्रॅक्टिकलचे ३० गुण कॉलेज देतं. जर्नल पूर्ण आहे का ते डिसेंबरात बघा, फेब्रुवारीत नाही.

सुपलीतले_मोती
लेक म्हणते कलचाचणी करू. उपयोग असतो का? की पैसे पाण्यात?

उंबरठा
समुपदेशनात काम करते. कल आणि क्षमता वेगळ्या. आवड विचारणारी प्रश्नावली वीस मिनिटांत होते, मोबाईलवर फुकटही मिळते. त्यातून 'मुलाला काय बरं वाटतं' एवढंच कळतं. क्षमता चाचणी (शाब्दिक, संख्यात्मक, अवकाशीय, तर्क) वेळ लावून, समोर बसवून घेतात. तिला तीन-चार तास लागतात आणि नंतर तासभर बोलणं व्हायला हवं. अहवाल नुसता मेलवर येणार असेल तर करू नका. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत अशा चाचण्या होतात.

नववीच्या सुट्टीत किंवा दहावीची परीक्षा झाल्यावर करा. प्रिलिमच्या आसपास केली तर थकलेल्या डोक्याचा निकाल येतो. आणि अवकाशीय क्षमता उत्तम म्हणून लगेच 'आर्किटेक्चर' छापून देणाऱ्यांपासून सावध. सुतार, सर्जन, मशिनिस्ट सगळ्यांना तीच लागते.

आंबोळी
मेथीचं काय केलं शेवटी?

सुपलीतले_मोती
पातळ भाजी, दाणे घालून. लसूण जास्त.

खिडकी_क्र_४
आलो. वैधतेचं पुढे. समिती विचारते ते मानीव दिनांकाआधीचे (त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेआधीचे) पुरावे: एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला (विमुक्त-भटक्या जमाती) २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा सगळ्यात भक्कम. शाळेत गेलेच नसतील तर तहसीलमधून गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल. वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाची वैधता झाली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा, काम बरंच हलकं होतं. आईकडची चालत नाही.

फी: मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ (ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या आत). प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की गेली सवलत. महाडीबीटीचे (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) पैसे आधार 'सीडेड' खात्यात, म्हणजे सरकारी रक्कम वळती व्हावी म्हणून आधारला जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत आधार दिलेलं असणं वेगळं, सीडिंग वेगळं. बँकेत जाऊन हाच शब्द वापरा.

टीएफडब्ल्यूएसला (शिक्षण शुल्क माफीच्या जागा) वेगळा चॉइस कोड असतो, शेवटी टी. विकल्प अर्जात तो स्वतंत्र भरावा लागतो. फॉर्मवर 'हो' म्हटलं आणि कोड भरलाच नाही, तर जागा मिळत नाही.

दहीभात
अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मला पहिला पसंतीक्रम लागला आणि घेतला नाही तर?

खिडकी_क्र_४
पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या नंबरवर 'बघू या लागतं का' असं कॉलेज टाकू नका. रोज एसटीने पोचता येईल का, ते आधी बघा.

दहीभात
जाऊबाईंचा फोन आला. ॲडव्हान्स थांबवलाय. धाग्याला माझ्याकडून दहीभात.

पानगळ
😄 एक शंका राहिली. त्या लॅमिनेट केलेल्या गुणपत्रिकेचं काय करू? इस्त्री फिरवून प्लॅस्टिक निघतं म्हणतात.

पाटीपेन्सिल
नको गं बाई! शाईही त्याबरोबर निघून येते. बोर्डाच्या विभागीय मंडळाकडून दुय्यम गुणपत्रिका काढ. बैठक क्रमांक आणि परीक्षेचा महिना-वर्ष आधी टिपून ठेव, आत्ता वाचता येतंय तोवर.