डावा कान अचानक गेला. कोरोनाच्या साथीमुळे दवाखाना म्हणतो, सध्या येऊ नका

डावखुरा
परवा सकाळी फोन डाव्या कानाला लावला तर पलीकडे सामसूम. वाटलं, फोनच बिघडला. उजव्याला लावला, तर मेहुणा केव्हाचा 'हॅलो हॅलो' करतोय! दुखत नाही, सर्दी नाही. आत नुसते रातकिडे किरकिरताहेत. मळ असेल म्हणून तेल सोडलं. दवाखान्यात फोन केला तर 'अत्यावश्यक असेल तरच या'. हे अत्यावश्यक आहे का? शिवाय यावर स्टिरॉइड देतात म्हणे. त्यानं प्रतिकारशक्ती घटली आणि नेमका कोरोना झाला तर? आठवडाभर थांबू का?

उत्तररात्र
थांबू नका हो! तेल आधी बंद. तोंड मिटून 'हूंऽऽ' करा. आवाज बिघडलेल्या कानात मोठा आला तर बहुधा मळ किंवा पडद्यामागचं पाणी. चांगल्या कानाकडे सरकला तर आतल्या नसेची शंका. हे निदान नव्हे, पण फोनवर सांगायला उपयोगी. मी मळ समजून तीन आठवडे घालवले. मोबाइलची रिंग त्या कानाला अजून ऐकू येत नाही.

डेसिबल
ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. 72 तासांच्या आत, सलग 3 फ्रिक्वेन्सींवर (आवाजाच्या उंच-खालच्या पट्ट्यांवर) ऐकण्यात निदान 30 डेसिबलची घट, ही नसेमुळे अचानक आलेल्या बहिरेपणाची व्याख्या. काहींचा कान आपोआप सुधारतो, पण कुणाचा ते आधी कळत नाही. स्टिरॉइडचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत जास्त, म्हणून हे अत्यावश्यकच. कोर्स थोड्या दिवसांचा असतो. ऑक्सिजन लागलेल्या कोरोना रुग्णांनाही डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतातच. साखर, बीपी असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. गोळ्या नको असतील तर कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देता येतं, ते रक्तात फारसं उतरत नाही. पुढे एमआरआय सांगतील, नसेवर गाठ नाही ना हे बघायला. चेहरा वाकडा झाला किंवा बोबडी वळली तर मात्र थेट इमर्जन्सी.

डावखुरा
गुणगुणलो. आवाज सरळ उजवीकडे पळाला! पुन्हा फोन करून 'कान बंद' न म्हणता 'ऐकू येणं अचानक गेलंय, तिसरा दिवस' म्हणालो, तर दुपारीच बोलावलं. तपासणीच्या खोलीत मास्कवर हेडफोन, हातात बटण. डाव्या बाजूला बराच वेळ काहीच वाजेना, म्हणून मशीन सुरू आहे का विचारलं. बाई काहीतरी बोलल्या, पण मास्कमुळे ओठही दिसेनात. शेवटी त्यांनी कागदावर लिहून दाखवलं: 'सुरू आहे.'

साखर आहे, त्यामुळे इंजेक्शन ठरलंय. पहिलं आज घेतलं.