शब्दचर्चा: पश्चात्ताप ‘होतो’ की ‘करायचा’?

कोरा कागद: मार्कच्या शुभवर्तमानात (१:१५) येशू म्हणतो, ‘पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा.’ मी अडलोय ते ‘करा’पाशी. राग येतो, भूक लागते, तसा पश्चात्ताप होतो. आपसूक होणाऱ्या गोष्टीची आज्ञा कशी देणार? आणि प्रायश्चित्ताहून हे वेगळं काय?

शेवंती: आधी शुद्धलेखन. पश्चात् + ताप, म्हणून दोन त. नंतर होणारी जळजळ एवढाच अर्थ धरला तर शंका रास्त आहे. पण मूळ ग्रीक शब्द ‘मेतानोइया’, म्हणजे मन पालटणं. त्याच्या मागे हिब्रू ‘शूव’ आहे, माघारी फिरणं. फिर मागे, असं कुणालाही सांगता येतं!

वसईकर: आम्हा कॅथलिकांत प्रायश्चित्त संस्कार असतो. मनापासून खंत, फादरांपुढे पापांची कबुली, मग पापक्षमा. फादर सांगतील ते प्रायश्चित्त बहुधा क्षमा मिळाल्यावर पुरं करायचं, त्यामुळे ते क्षमेचं मोल ठरत नाही. चोरी केली असेल तर मात्र माल परत करावाच लागतो, नुसत्या प्रार्थना म्हणून सुटका नाही.

शेवंती: लॅटिन बायबलातल्या या आज्ञेचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असाही लागायचा. १५१७ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ९५ प्रबंध मांडले, त्यांतला पहिलाच यावर आहे: श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. दुसऱ्यात तो बजावतो की हा शब्द फादरांपुढच्या संस्कारापुरता घेऊ नका.

वसईकर: परत करण्याचं म्हणाल तर जक्कय बघा (लूक १९). जकातदारांचा मुखिया, गब्बर. येशू घरी आला तसा तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाला लुबाडलं असेल तर चौपट फेडतो. मोशेच्या नियमशास्त्रात आपणहून कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असतो (गणना ५:७). चौपट हा मेंढरू चोरून कापणाऱ्याचा दंड (निर्गम २२:१). म्हणजे गड्याने कुणी न सांगता स्वतःला चोराचा दर लावून घेतला. अख्ख्या गोष्टीत तो रडल्याचा उल्लेख नाही, पश्चात्ताप हा शब्दही नाही.

कोरा कागद: पण येशूला पकडून देण्यासाठी घेतलेले पैसे तर यहूदा या शिष्यानेही परत केले. तीस नाणी. वर ‘मी पाप केलं’ अशी कबुलीही दिली.

शेवंती: बरोबर पकडलंत. मत्तयाच्या शुभवर्तमानात तिथे (२७:३) ग्रीक क्रियापद वेगळं वापरलंय, पस्तावण्याचं. यहूदा गेला कुणाकडे? ज्यांनी नाणी दिली त्या याजकांकडे. ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय. मग त्याने गळफास घेतला. पेत्र या शिष्यानेही येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं, मग ढसाढसा रडला. पण पुढे किनाऱ्यावर येशू आहे हे कळताच होडीतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला (योहान २१). दोघांचं दुःख खरंच होतं. माघारी फिरला तो एकच.

कोरा कागद: मग लिहिताना काय वापरू?

शेवंती: मनाला लागलं एवढंच सांगायचं असेल तर ‘पश्चात्ताप झाला’. ख्रिस्ती अर्थाने ‘केला’, आणि कुणाकडे वळला तेही लिहा. प्रेषितांची कृत्ये ३:१९ मध्ये दोन्ही क्रियापदं जोडीनेच येतात: पश्चात्ताप करा व वळा.