विडीची लेबलं ओळीत चिकटवली की 'पॉप आर्ट' होतं?

निपाणीची सूनबाई
लेक बेळगावात फाईन आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या पॉप आर्ट शिकवालेत म्हणे. तिनं ओळखीच्या दुकानातून विडी बंडलाची लेबलं आणली आणि प्लायवूडवर सहा ओळींत सहा-सहा अशी ३६ चिकटवली. सगळी एकाच छापाची, बाकी काहीच नाही. मास्तर खूश.

घरी आणल्यावर सासूबाई बघतच राहिल्या. त्यांनी तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्यात. बोटाला घट्टा अजून आहे. म्हणाल्या, "वळलेलं लोकांनी ओढून टाकलं, आणि फेकायचा कागद तेवढा हिनं भिंतीला लावला होय?" लेक म्हणाली, आजी, अमेरिकेत एकानं नुसते सुपाचे डबे रंगवले, तो जगात गाजला. सासूबाईंना वाटलं, पाखडायच्या सुपाबद्दलच बोलालीय. तिथून जे हसणं सुरू झालं, त्यात माझा प्रश्न राहूनच गेला. दुकानातली वस्तू तशीच्या तशी मांडली तर त्यात कला कुठली? टिंगल नको, समजावून सांगा.

शहापूरचा स्क्रीनवाला
ताई, मी कलाकार वगैरे नव्हे. शहापुरात लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट छापतो. पण तो सुपाच्या डब्यांचा माणूस, अँडी वॉरहॉल, आमच्याच धंद्यातला निघाला म्हणून लिहितोय. डबे त्यानं हातानं रंगवले होते. १९६२ सालीच पुढं तो स्क्रीन प्रिंटिंगकडं, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापण्याकडं वळला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेरिलिन मन्रो गेली. तिचा सिनेमाच्या जाहिरातीतला एक फोटो घेऊन त्यानं ५० वेळा छापला. डावीकडं २५ रंगीत, उजवीकडं २५ काळे-पांढरे. भाच्यानं मोबाईलवर दाखवलं तेव्हा मी पहिलं काय म्हणालो असेन? "ह्याची जाळी बुजलीय, पोराला कामावरनं काढा." खरंच, बघा की! डावीकडं ओठांचा लाल आणि पापणीचा निळा रंग रेषेवर बसत नाही. उजवीकडं एका रांगेत शाई इतकी ओतलीय की तोंड काळवंडलंय, आणि कडेला जाता जाता चेहरा पुसट होत जवळजवळ नाहीसाच. स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, ओढताना शाई कमी पडली, मध्ये जाळी पुसली नाही, की अस्संच होतं. माझ्याकडं एकदा चारशे पत्रिकांवर गणपतीच्या सोंडेचा लाल रंग केसभर सरकला. गिऱ्हाईकानं पत्रिका टेबलावर टाकल्या आणि मी पदरमोड करून परत छापून दिल्या.

भाचा म्हणाला, मामा, ती बाई मेलीय आणि तिचा फोटो पेपरात, मासिकात, पोस्टरवर छापून छापून झिजलाय. ते झिजणंच त्यानं ठेवलंय. मी गप्प. तेव्हापासून वेस्टेजचा गठ्ठा रद्दीत घालण्याआधी एकदा चाळतो. विकला मात्र जात नाही, हे खरं!

खानापूरकर मास्तर (निवृत्त)
स्क्रीनवाल्या मामांनी निम्मं काम केलं. मी एवढंच म्हणतो, 'पॉप' म्हणजे लोकांत चालणारं चित्र नव्हे. तसं असतं तर राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना घालून घरोघरी लक्ष्मी-सरस्वती पोचवल्या तेव्हाच आपल्याकडं पॉप आर्ट झालं असतं. ती लोकप्रिय कला. माणसं तिच्यापुढं उदबत्ती लावत. पॉप आर्टवाला त्याच कॅलेंडरकडं दुसऱ्यांदा बघतो आणि आपल्यालाही बघायला लावतो. लंडनमध्ये रिचर्ड हॅमिल्टननं १९५६ साली मासिकांतल्या जाहिराती कापून, चिकटवून चित्रातलं एक घर सजवलं, त्यात टीव्ही, टेपरेकॉर्डर, डबाबंद हॅम, सगळं. आपल्याकडं बडोद्यात भूपेन खक्करांनी देवांचे बाजारू छाप घेऊन कोलाज केले.

आणि ते डबे. लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत जुलै १९६२ मध्ये ३२ कॅनव्हास वाण्याच्या फळीवर मांडल्यासारखे लावले होते. शेजारच्या गॅलरीवाल्यानं खरे डबे रचून 'आमच्याकडे स्वस्त' म्हणून थट्टाही केली. पण ३२ का? कारण त्या कंपनीच्या सुपाचे तेव्हा ३२ प्रकार होते. आकडा दुकानातून आला होता, शोभेसाठी नव्हता. तुमच्या लेकीला विचारा, ३६च का?

ऑफसेटवाल्याचा मुलगा
मला ह्यातलं एक खटकतं. आमचे बाबा लेबलांची डिझाईनं काढायचे. वाघ, पोपट, फेटेवाला, काय हवं ते. खाली नाव कधी नाही. वॉरहॉलनं १९६४ मध्ये भांडी घासायच्या साबण लावलेल्या तारेच्या घासणीचे 'ब्रिलो' खोके लाकडात करून मांडले आणि गाजला. मूळ खोक्याचं डिझाईन जेम्स हार्वी नावाच्या माणसाचं. तोही चित्रकारच, पोटासाठी खोकी काढायचा. त्याला काय मिळालं? ताई, लेकीला सांगा, ते लेबल कुणी काढलं एवढं तरी शोध.

निपाणीची सूनबाई
सगळ्यांचे आभार. लेबल कुणी काढलं ते दुकानदाराला माहीत नाही, लेक छापखान्यात विचारून येणार आहे.

३६चं विचारलं तर म्हणाली, प्लायवूड चौकोनी होतं म्हणून. सासूबाई तिथंच लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, बंडलात विड्या २५, म्हणजे हे नऊशेच झाले. मजुरी हजारावर असती. चार बंडलं कमी आहेत, मुकादम घ्यायचा नाही.

लेक बराच वेळ फळीकडं बघत बसली. आता चार लेबलं लावायला जागा नाही, उद्या सुताराकडं जायचंय.