कोपऱ्याचा प्लॉट: हरकत कशी लिहायची

सचिव: मंडळी, कोपऱ्याच्या प्लॉटवर नव्या इमारतीची नोटीस लागली आहे. हरकती-सूचनांची मुदत सहसा नोटिशीवरच्या तारखेपासून धरतात, आपल्याला ती कधी दिसली यावर नाही. म्हणून आजच दोन कामं. एक, नोटिशीचा फोटो. त्यात तारीख आणि प्रकरण क्रमांक वाचता आला पाहिजे. दुसरं, दाखल नकाशांच्या प्रतीसाठी अर्ज. नकाशा हातात येईपर्यंत किती मजले, किती गाळे यावर कुणी काही लिहू नका. एक आकडा खोटा निघाला की खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो.

नवे सभासद: सह्यांची मोहीम काढू या का? दोन दिवसांत दोनशे सह्या होतील.

सचिव: काढू या, पण भिस्त त्यावर नको. एकाच मजकुराखाली दोनशे सह्या आल्या तर ती बरेचदा एकच हरकत धरली जाते. ज्यांच्या फाटकासमोर पार्किंगचा उतार उघडणार आहे त्यांनी त्या उताराबद्दल लिहावं. ज्यांची मुलं तिथे रस्ता ओलांडतात त्यांनी त्याबद्दल. 'घरांची किंमत उतरेल' यावर परवानगी देणाऱ्याला सहसा निर्णयच देता येत नाही. आणि 'बाहेरची माणसं येतील' हे वाक्य आपल्या कागदावर नकोच. ती आपलेच शेजारी होणार आहेत.

रस्ते गट: वाहनमोजणी मंगळवार, बुधवार, गुरुवार. सुट्टीचा आठवडा टाळायचा. नोंद दर १५ मिनिटांची वेगळी, नुसती तासाची नाही. आठ ते नऊ असा सरळ तास धरला आणि खरी गर्दी सव्वाआठ ते सव्वानऊ असली, तर सगळ्यात वाईट तास कागदावर येतच नाही. सलग चार नोंदींची सर्वांत मोठी बेरीज हा आपला गर्दीचा तास.

तिठ्यावर वाहनांच्या सहा दिशा होतात, त्यामुळे तक्त्यात सहा रकाने. एका माणसाला सहाही दिसत नाहीत. तिघे उभे राहा, प्रत्येकी दोन दिशा. पायी जाणारे आणि सायकली मोजायला चौथं माणूस. तासाभराने बदली द्या, नंतर मोजणीच्या रेघा चुकायला लागतात.

नवे सभासद: ताई, गाड्या सुसाट जातात हे कसं सिद्ध करायचं? रडार कुठून आणणार?

रस्ते गट: टेप, खडू आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. रस्त्याकडेला एकमेकींपासून ५० मीटरवर दोन खुणा करा. गाडीची पुढची चाकं पहिल्या खुणेवर आली की सुरू, दुसरीवर बंद. १८० भागिले सेकंद म्हणजे ताशी किलोमीटर. ६ सेकंद लागले तर ३०, ३.६ लागले तर ५०. चूक होते ती तिरक्या नजरेने: लांबून बघितलं की चाक खुणेवर आधी किंवा उशिरा आल्यासारखं वाटतं. म्हणून दोन्ही खुणांसमोर एकेक जण, हात वर करून इशारा. ताशी ५० ला ०.२ सेकंद चुकले तर उत्तर सुमारे ३ किलोमीटरने हलतं.

किमान १०० गाड्या घ्या. पुढच्या गाडीमागे अडकलेली गाडी सोडा, पण फक्त जोरात जाणाऱ्या निवडू नका, ती लबाडी होईल. वेग चढत्या क्रमाने लावा आणि शंभरातला ८५ वा आकडा बघा, म्हणजे ८५ टक्के गाड्या ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात तो. वाहतूक अभियंते सरासरीपेक्षा त्याकडे आधी बघतात.

पाणी-गटार गट (काका): माझ्याकडून पावसाचं गणित. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. प्लॉट २,००० चौरस मीटर धरू, पाऊस तासाला ३० मिलिमीटर: ६०,००० लिटर. आज माती आणि गवत आहे, सुमारे ३० टक्के वाहून येतं असं धरलं तर १८,०००. सगळं फरसबंद झालं की ९० टक्के, म्हणजे ५४,०००. वाढ ३६,००० लिटर, बरोबर सेकंदाला १० लिटर.

आपल्या गल्लीतला ३०० मिलिमीटरचा पाइप २०० मीटरला १ मीटर उताराने स्वच्छ असेल तर सेकंदाला ६५ ते ७० लिटर वाहून नेतो. अर्धा गाळाने भरला की जेमतेम २५. म्हणून हरकतीसोबत चेंबरची झाकणं उघडवून गाळाची खोली मोजायला प्रशासनाला लेखी सांगा. आपण झाकण उघडायचं नाही, आत कुणी उतरायचं तर मुळीच नाही. आत विषारी वायू असतो, माणसं जातात.

मागणी अशी: वाढलेलं पाणी प्लॉटमध्येच थोपवा. एका तासासाठी ३६ घनमीटर टाकी, म्हणजे ६ × ४ × १.५ मीटर, आणि बाहेर पडायला लहान तोंड.

नवे सभासद: काका, त्यांच्या नकाशात पाणी साठवायची टाकी आहेच की. बागेसाठी.

पाणी-गटार गट: हाच घोटाळा होतो. बागेची टाकी भरलेली हवी, ही रिकामी हवी. भरलेल्या टाकीत पुढचा पाऊस मावणार कुठे? दोन्ही एकच दाखवल्या असतील तर पहिली हरकत तिथेच. तोंडाला जाळी आणि साफसफाईला झाकण आहे का तेही बघा. नाहीतर पहिल्याच पावसात पानांनी तोंड बुजतं.

खजिनदार: छोटं पण महत्त्वाचं. प्रकरण चालू असेपर्यंत विकासकाकडून बाकडी, झाडं, वर्गणी काहीही घ्यायचं नाही. कार्यकारिणीत कुणाचा त्या कामाशी व्यवहार असेल तर त्यांनी सभेत सांगावं आणि मतदानातून बाजूला राहावं. नोंद इतिवृत्तात.

अध्यक्ष: या ग्रुपवर दिलेले अंगठे म्हणजे ठराव नव्हे. सभा, गणसंख्या, सूचक, अनुमोदक, बाजूने-विरोधात-तटस्थ किती, हे सगळं लिहून ठरावाची प्रत हरकतीला जोडायची. विकासकाशी बोलायला एकटं कुणी जाऊ नये. दोघांनी जायचं आणि त्याच संध्याकाळी ईमेलने टिपण पाठवायचं. तोंडी शब्द परवानगीत येत नाही. अटींत 'शक्यतो' आणि 'योग्य ती काळजी' नको. 'वापर सुरू होण्यापूर्वी ३६ घनमीटरची टाकी बांधून तपासून घ्यावी' असं लिहा.

सचिव: सुनावणीत बोलायला सहसा काही मिनिटंच मिळतात. वक्ता एकच, पान एकच, तीन मुद्दे. हरकतीच्या दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आता मोजणीला नावं द्या. प्रत्येकी दोनच तास आहेत.

नवे सभासद: बुधवार सकाळ, माझं नाव घ्या. पायी आणि सायकली मी मोजते.

रस्ते गट: घेतलं. तक्ता आज रात्री टाकते, छापून आणा. फोनवर नोंद करताना मान खाली जाते आणि माणसं सुटतात.