स्क्रूज खरंच सुधारला की नुसता टरकला?

उंबरठा: मुलीला वाचून दाखवायचं म्हणून डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' परत काढलं, कॉलेजात वाचलं तेव्हा डोळे भरून आले होते, या वेळी मात्र शेवटी शेवटी चिडचिडच झाली. म्हणजे बघा, स्क्रूज म्हणजे आयुष्यभर पैनपै दाबून बसलेला माणूस, रात्रीत तीन भुतं येतात, कुणी फिरकत नाही अशी स्वतःची कबर दाखवतात आणि सकाळी हा टर्क्या वाटत सुटतो (नाताळच्या जेवणातला पक्षी, एकच टर्की, मान्य). मुलगी म्हणाली, बाबा हा चांगला नाही झाला, घाबरलाय फक्त. मला उत्तर सुचेना. आणि एका शेठजीला पाझर फुटला म्हणून लंडनच्या गरिबांचं काय भलं झालं?

चहाटळ: वाल्याला पण नारद भेटावाच लागला की! पण नुसतं घाबरून नाही हो, क्रम बघा. पहिलं भूत त्याला त्याच्या शाळेत नेतं, बाकीची पोरं सुट्टीला घरी गेलेली, हा एकटाच पुस्तक घेऊन बसलेला. म्हातारा तिथंच रडतो, आणि लगेच आठवतं की काल दाराशी गाणं म्हणायला आलेल्या पोराला काहीतरी द्यायला हवं होतं, ज्याला यानेच पट्टी उगारून पळवलं होतं. कबर फार नंतर येते.

खतावणी: मी दिवसभर लोकांचे हिशेब तपासते, त्यामुळे माझं डोकं एकाच शब्दात अडकलंय. आदल्या दिवशी दोन गृहस्थ गरिबांसाठी वर्गणी मागायला येतात, हा विचारतो तुरुंग बंद पडलेत का, वर्कहाऊस (गरिबांना राबवून आसरा देणारी सरकारी घरं) चालू आहेत ना. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक रस्त्यात भेटतो, स्क्रूज कानात रक्कम सांगतो, तो माणूस उडतोच, आणि हा म्हणतो यात मागची बरीच थकबाकी धरलीये. आकडा डिकन्स सांगतच नाही! देणगी नाही, दान नाही, थकबाकी. म्हणजे देणं लागत होतो आणि थकवलं. घाबरलेला माणूस नवस फेडतो ताई/दादा, जुनी वही नाही उघडत. त्याचा कारकून बॉब, त्याच्या घरी टर्कीसुद्धा बिननावाने पाठवली.

गल्लीबोळ: थकबाकीचं भारीच, हे लक्षातच नव्हतं आलं. पण दुसऱ्या प्रश्नावर मी उंबरठाच्या बाजूने. इंग्लंडातल्या गरिबांसाठीच्या 1834 च्या कायद्याचा रोखच असा की मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये या, तिथं नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे, आणि आतले हाल मुद्दामच असे की बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरालाही आत यावंसं वाटू नये. डिकन्सला हे ऐकून माहीत नव्हतं, 1824 मध्ये बाप कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात आणि हा 12 वर्षांचा पोरगा बूटपॉलिशच्या कारखान्यात लेबलं चिकटवतोय. 1843 मध्ये बालकामगारांवरचा सरकारी रिपोर्ट वाचून तो आधी पत्रकच काढणार होता, मग बेत बदलला आणि डिसेंबरात ही गोष्ट आली, 6000 प्रती नाताळच्या आत खपल्या. तरी माझी तक्रार आहे, पुस्तकात कायदा तसाच राहतो, फक्त मालक बदलतो. आणि बॉबचा पगार आठवड्याला 15 शिलिंग, पुस्तक 5 शिलिंगला, म्हणजे स्वतःची गोष्ट विकत घ्यायला बिचाऱ्याची दोन दिवसांची मजुरी गेली असती.

खतावणी: दोन दिवसांचा हिशेब बरोब्बर 😀 पण दुसऱ्या भुताच्या झग्याखालची ती दोन हडकुळी पोरं विसरलात का, अज्ञान आणि दारिद्र्य? स्क्रूज विचारतो यांना कुणी थारा देणारं नाही का, आणि भूत त्याचंच वाक्य परत तोंडावर मारतं, तुरुंग नाहीत का म्हणून. ती एकट्या स्क्रूजची पोरं नाहीत, भूत स्पष्ट सांगतं माणसाची आहेत. तिथं डिकन्स मालकाला सोडून वाचणाऱ्याकडे बघतोय असं मला तरी वाटतं.

उंबरठा: (दादा आहे हो मी 😀) रात्री मुलीला थकबाकीचं सांगितलं. तिला त्यापेक्षा कोळसा आवडला. बॉबच्या शेगडीत जेमतेम एक खडा, कोळशाची पेटी साहेबाच्या खोलीत, बिचारा मेणबत्तीवर हात शेकायला बघतो. आणि सुधारल्यावर स्क्रूज म्हणतो, पुढचं अक्षर लिहायच्या आधी कोळशाची आणखी एक बादली घेऊन ये. यावर ती थोडी विरघळली. मग म्हणे, पण पगार वाढवला तो किती? शेवटचं प्रकरण दोनदा चाळलं, सापडत नाहीये.

चहाटळ: नाहीच लिहिलेला. मालक शेवटी मालकच 😂