हॉस्टेलच्या खोलीत ढेकूण: फवारणीनंतर पंधरा दिवसांत परत

तिसरा_मजला: तिघांची खोली, लोखंडी कॉट, कापसाच्या गाद्या. रेक्टरांनी एकदा फवारणी करून दिली. आठवडा बरा गेला, आता गादीच्या शिवणीत पुन्हा काळे ठिपके. परीक्षा तीन आठवड्यांवर, खोली बदलून मिळणार नाही. धान्यात ठेवायच्या गोळ्या ठेवून दार लावून घ्या, असं एक जण सांगतोय. चालेल का?

कीटक_अभ्यासक: अजिबात नाही. त्या गोळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्यानेच फॉस्फिन वायू सुटतो आणि दाराच्या फटीतून, वायरींच्या पाइपातून शेजारच्या खोलीत शिरतो. ढेकणांपायी अशी माणसं दगावली आहेत. कुणी आणल्या असतील तर आजच रेक्टरांना सांगा.

परत का आले? बहुतेक फवारे अंड्यांवर चालत नाहीत. अंडी ६ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून दुसरी फवारणी १० ते १४ दिवसांनी हवीच. तुमच्याकडे ती राहिली.

मेस_कमिटी: कॉट बाहेर ओढा. पायांच्या पोकळ पाइपांची तोंडं, नट-बोल्ट, पत्र्याची दुमड, सगळा संसार तिथे असतो. मेसमधून पातेलंभर उकळतं पाणी आणून सांध्यांत सावकाश ओता. घाईने शिंपडलं तर वाटेतच कोमट होतं. अंडी मरायला ५० अंशांच्या वर उष्णता लागते. स्विचबोर्डाजवळ मात्र पाणी नको.

गादी नुसती उन्हात टाकू नका, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. शिवणी ब्रशने झाडा आणि गादीला पूर्ण चेन लागणारं कव्हर घाला. चादरी, उशांचे अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये अर्धा तास फिरवा. कॉट भिंतीपासून वीतभर लांब, चारही पाय गुळगुळीत वाट्यांत, चादर जमिनीला टेकता कामा नये.

विंग_बी: रॉकेल नको, एका सिगारेटीने खोली पेटेल. दुसऱ्याच्या खोलीत झोपायलाही जाऊ नका, पाहुणे सोबत येतात.

अर्ज तुमच्या एकाच खोलीचा देऊ नका. डावी-उजवी, वरची-खालची आणि समोरची खोली, शिवाय कॉमन रूमचा सोफा, सगळं लिहा. फोटो जोडा, तारीख घाला, पोच घ्या. दोन फवारण्या आणि औषधाचं नाव लेखी मागा. ‘सुट्टीत करू’ म्हणाले तर सांगा, रक्त न मिळताही ढेकूण काही महिने तग धरतात. रिकामी खोली त्यांना मारत नाही.

तिसरा_मजला: ठिपके ढेकणांचेच, हे कसं ओळखायचं? रेक्टर बुरशी म्हणताहेत.

कीटक_अभ्यासक: ओल्या पांढऱ्या कापडाने पुसा. तांबूस-तपकिरी फराटा उमटला तर ती पचलेल्या रक्ताची विष्ठा. कापड अर्जालाच जोडा.