कोडी आणि चिंटू बंद करा म्हणणाऱ्यांना

उभेआडवे:
परवा 'सरळबोल्या' यांनी इथे लिहिलं, "पेपरातली शब्दकोडी, सुडोकू, चित्रपट्ट्या बंद करा. पेन्शनरांच्या टाइमपाससाठी पाव पान कशाला? तिथे बातम्या द्या." त्याला चार-पाच जणांचे अंगठेही पडले. मी पेन्शनर नाही, बेचाळिशीचा आहे, आणि दोन दिवस डोक्यातून हे जात नाहीये.

बातम्या द्या म्हणजे कुठल्या हो? पहिलं पान बिल्डरचं, ते उलटलं की गृहकर्जाचं. पुढे जी बातमी लागते ती आदल्या रात्रीच फोनवर वाचून झालेली. सकाळी सात वाजता अख्ख्या पेपरात शिळी नसलेली एकच गोष्ट असते, कोडं.

आमच्याकडे बाबा कोडं पेनाने भरायचे, आई पेन्सिलीने. 'अग्नी (३)' आलं की बाबा बिनधास्त 'अनिल' ठोकून द्यायचे. अनिल म्हणजे वारा, अग्नी तो अनल. मग उभा शब्द अडायचा, पेनावर पेन फिरायचं आणि त्या घराचा निळा गोळा व्हायचा. आई बोलायची काही नाही, फक्त खोडरबर त्यांच्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवायची. त्यात आजीला मागच्या पानावरच्या पाककृती कापून ठेवायचा नाद. भरल्या वांग्यांबरोबर आमचं उभे ७ आणि आडवे १२ मधलं अर्धं जायचं.

आणि चिंटू! १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला तेव्हा मी तिसरीत. बाबा खुर्चीत पेपर धरून बसलेले आणि मी खाली फरशीवर पडून पानाच्या मागच्या बाजूला पप्पू-बगळ्याचं काय चाललंय ते बघतोय. त्यांनी पान उलटलं की "थांबा ना हो" म्हणून ओरडायचो. ही पाव पान जागा वाया गेली म्हणताय?

सरळबोल्या:
आठवणी गोड आहेत, मुद्दा कुठाय? मी इंग्रजी पेपरातली आडवळणी कोडी सोडवतो. तिथे एकेका संकेताशी अर्धा तास झुंजावं लागतं. आपल्याकडे काय? आकाश (२) नभ, अंधार (२) तम, आवाज (२) रव, पर्वत (२) नग. आलटून पालटून तेच वीस शब्द. याला कोडं म्हणत नाहीत, समानार्थी शब्द लिहा म्हणतात. शाळेत दोन मार्कांना असायचं.

कृष्णाकाठची:
एका दैनिकासाठी मी सात वर्षं कोडी रचलीत, म्हणून बोलते. इंग्रजीत एका घरात सव्वीसातलं एक अक्षर. आपल्याकडे घरात आख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. बाराखडी गुणिले व्यंजनं, वर जोडाक्षरं. आडव्यात 'कि' आलं की उभ्यातही 'कि'च हवं, 'क' नाही, 'की' नाही, 'के' नाही. म्हणून आमच्या चौकटीत काळी घरं जास्त आणि शब्द आखूड. नभ-तम-नग का येतात? त्यांना काना नाही, मात्रा नाही, कुठेही बसतात. हौस म्हणून नाही येत ते. एका कोड्याचं मानधन किती मिळायचं ते सांगत नाही, वडापावशी तुलना सुरू व्हायची.

वेलांटीवाले काका:
ताई, विषय काढलातच म्हणून. परवाच्या कोड्यात आडवा शब्द 'रविवार', त्याच्या दुसऱ्या घरातून उभा 'काव्य करणारा (२)'. म्हणजे 'कवी'. आता त्या घरात 'वि' लिहायचं की 'वी'? उत्तरात 'कवि' छापलं! १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ झाला, तत्सम शब्दातलासुद्धा. साठ वर्षं उलटून गेली, अजून कवि?

तत्सम:
मग 'परंतु' आणि 'तथापि' पण दीर्घ लिहा की, काका. संस्कृतात कवि आहे, 'कविवर्य' लिहिताना तुम्हीही ऱ्हस्वच लिहिता. नियम समितीने केला, शब्द समितीने केला नाही.

वेलांटीवाले काका:
ती अव्ययं आहेत. तत्सम अव्ययं ऱ्हस्व, हा त्याच नियमांतला अपवाद. आणि समासात पूर्वपद ऱ्हस्वच राहतं, म्हणून कविवर्य, म्हणून रविवार. अर्धं वाचून टोपणनाव 'तत्सम' घ्यायचं आणि वर शिकवायचं.

तत्सम:
टोपणनावावर येऊ नका.

उभेआडवे:
अहो, मूळ मुद्दा चित्रपट्ट्या आणि कोडी...

डोंबिवली_फास्ट_८_१२:
मला पटतं ते असं की कोड्यात वेलांटी बघूच नये. 'वि' काय नि 'वी' काय, गाडीत उभं राहून भरतो आम्ही. एका हातात कडी, दुसऱ्यात पेन, पेपर समोरच्याच्या पाठीवर. तो वळला की वेलांटी आपोआप दीर्घ होते.

कृष्णाकाठची:
वेलांटी सोडली तर मला दिवसाला चार कोडी रचता येतील. पण मग 'दिन' आणि 'दीन' एकच. चालेल?

डोंबिवली_फास्ट_८_१२:
महिनाअखेरीस एकच असतात ताई.

जुनापेठकर:
कोड्याचं एवढं कौतुक बघून राहवलं नाही. माझ्या आजोबांनी बक्षिसाच्या शब्दकोड्यांत पगार घातला. संकेत असा द्यायचा की दोन शब्द चपखल बसावेत, 'बरोबर' कुठला ते बंद पाकिटात. प्रत्येक प्रवेशिकेला पैसे. आजोबा दोन्ही शब्द धरून उलटसुलट वीस-वीस प्रवेशिका पाठवायचे. आजीची एक पाटली गेली त्यात. एवढा बोलबाला झाला की १९५५ मध्ये केंद्राला कायदा करावा लागला, महिन्याला हजार रुपयांवर बक्षिसं द्यायला बंदी. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९५७ मध्ये कोर्टाने कौशल्याची स्पर्धा वेगळी आणि जुगार वेगळा असं स्पष्ट केलं. आमच्या घरात अजून कोणी कोडं सोडवत नाही. सुडोकू चालतो, जपानी आहे म्हणून.

सरळबोल्या:
सुडोकू जपानी नाही. नाव जपानी. आजच्या रूपातलं कोडं १९७९ मध्ये एका निवृत्त अमेरिकन आर्किटेक्टने केलं, 'नंबर प्लेस' म्हणून. तुमच्या आजोबांबद्दल वाईट वाटलं, पण मुद्दा माझ्याच बाजूचा आहे.

उभेआडवे:
तुमच्या बाजूचा कसा? बक्षीस गेलं, कोडं राहिलं. सत्तर वर्षं लोक फुकट सोडवतायत. कोड्याला पैशाची गरज नव्हती हेच निघतं ना त्यातून?

सरळबोल्या:
फुकट? महिन्याचं बिल तुमच्याकडे येत नाही वाटतं.

उभेआडवे:
येतं, आणि मी ते कोड्यासाठी भरतो, तुमच्या बातम्यांसाठी नाही! तुम्हाला कोडं दिसत नसेल तर पान उलटा. मी भविष्य, शेअर बाजार आणि तुमचे अग्रलेख उलटतोच की.

सरळबोल्या:
आवाज चढवायचं कारण नाही. बरं, 'अनल'वाली गोष्ट वाचून हसलो, कबूल. आमच्याकडे मी पेनवाला आहे, बायको खोडरबरवाली. चिंटूसारखं काही येत असेल तर तेही ठेवा, रोज नवं असेल तरच, जुनं पुन्हा छापून नको. कृष्णाकाठच्या ताई, आठवड्यातून एक तरी आडवळणी कोडं रचा, मग मी गप्प बसतो. जागा हवीच असेल तर राशिभविष्य काढा.

कृष्णाकाठची:
रचते. मानधन तुम्ही देणार का?

डोंबिवली_फास्ट_८_१२:
राशिभविष्याला हात लावायचा नाही हां. माझी सासू पेपर त्याच्यासाठीच घेते. वृश्चिकवाल्यांनी आज वाद टाळावेत असं छापलंय. सरळबोल्या, तुमची रास कुठली?

तत्सम:
'वृश्चिक'चा 'श्चि' एका घरात बसवायचा की दोन?

वेलांटीवाले काका:
एका. आणि कवी दीर्घच.